ज्यू मैत्रिणीचं लेकरू आपल्याकडे खेळायला येतं तेव्हा

लहान मुलांच्या आया एकत्र बसल्या की धर्माचा विषय बहुतेक वेळा बिस्किटाच्या पुड्यावरून निघतो. "हे तुमच्याकडे चालतं का गं?" असं एकीनं विचारलं आणि दुसरी ज्यू असली, तर उत्तर हो-नाहीत आटोपत नाही. ज्यू धर्मात रोजच्या आचाराचे नियम फार बारकाईनं ठरवलेले आहेत: कुठल्या भांड्यात काय, किती वाजेपर्यंत काय, कशाला हात लावायचा नाही. दोन वर्षांच्या मुलाचा दिवसही ताट, झोप आणि खेळणी यांतच जातो. त्यामुळे "तुमचा धर्म काय सांगतो?" यापेक्षा "कुठली बशी वापरू, किती वाजता निघावं लागेल, कुठलं खेळणं बाजूला ठेवू?" असे प्रश्न विचारावेत असं माझं ठाम मत आहे. त्यांना नेमकी उत्तरं मिळतात आणि कुणी अवघडत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑर्थोडॉक्स (काटेकोर), कॉन्झर्वेटिव्ह (मधल्या) आणि रिफॉर्म (उदार) पंथांच्या कुटुंबांच्या आचारात बराच फरक असतो, आणि धर्म न पाळणारी पण सण मनापासून साजरे करणारी ज्यू घरंही पुष्कळ आहेत. एक मैत्रीण जे करते तेच दुसरी करेल, हे गृहीत धरू नका. खाली लिहिलंय ते प्रामुख्यानं काटेकोर पाळणाऱ्या घरांना धरून आहे, कारण तिथलं जमलं की बाकीकडे अडत नाही.

खाण्यापासून सुरुवात करू. ज्यू धर्मात खायला चालणाऱ्या अन्नाला कोशर म्हणतात. त्यात नुसतं डुकराचं मांस वर्ज्य, एवढंच बऱ्याच जणींना माहीत असतं, पण नियम त्याहून जास्त आहेत. प्राणी दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा, असा दोन्ही असावा लागतो. मासा पर आणि खवले असलेला हवा, म्हणून कोळंबी, खेकडे, शिंपल्या बाद. खायला परवानगी असलेल्या प्राण्याचीही ठरावीक पद्धतीनं कत्तल झालेली असावी लागते. मांस आणि दूध एकत्र येत नाही, एका जेवणात नाही आणि एका भांड्यातही नाही. अंडी, मासे, फळं, भाज्या, धान्य हे दोन्हींत न मोडणारं, त्याला पार्वे म्हणतात.

आपल्यात एक समज पक्का असतो: घर शाकाहारी म्हणजे प्रश्नच मिटला. तसं होत नाही. चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं, वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलोत बहुधा जेलाटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. लाल-गुलाबी गोळ्यांत कार्माइन असू शकतं, ते कोशिनियल किड्यांपासून काढतात. पालेभाजीतल्या अळ्या-किडे खाणं निषिद्ध आहे, म्हणून भाजी पाण्यात भिजवून, पान न् पान उजेडात धरून बघतात. द्राक्षाच्या रसाला आणि वाइनला वेगळे, जास्त कडक नियम आहेत. त्यावर कोशरचा शिक्का लागतोच. शिवाय तुमच्या कढईत आजवर काय काय शिजलंय, त्यावर ती कढई चालेल की नाही हे ठरतं. एवढ्या सगळ्यामुळे तुम्ही प्रेमानं केलेला शिरा तिनं नाकारला, तर त्यात तुमच्या स्वच्छतेवर किंवा हातच्या चवीवर शेरा नसतो.

मग द्यायचं काय? अख्खी, न कापलेली फळं आणि कागदी बशी. केळं सगळ्यांत बरं: आईच सोलते, मूल लगेच खातं. कोशरचा शिक्का असलेलं बंद पाकीट तिच्यासमोर फोडा, आधी डब्यात काढून ठेवू नका, कारण शिक्का तिला स्वतः बघायचा असतो. शिक्के वेगवेगळ्या संस्थांचे असतात. वर्तुळातलं इंग्रजी यू हे अक्षर सर्वांत ओळखीचं. त्याच्या शेजारी डी असेल तर पदार्थ दुधाचा. जेवणात मांस झालं असेल तर ते बिस्कीट तिच्याकडे लगेच चालणार नाही. द्राक्षं द्यायची असतील तर लांबीत चार फोडी करायलाच हव्यात, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं. सुरी तुमची वापरायची की नाही ही कटकट टाळायला एक नवी प्लॅस्टिकची सुरी तिच्या हातात द्या. मायक्रोवेव्हमध्ये तिनं आणलेला डबा गरम करायचा असेल तर तो दोनदा गुंडाळून ठेवतात, हे तिला माहीत असतंच. तुम्ही फक्त फॉइल मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही एवढं बघा आणि त्या कामाचं कव्हर पुढे करा.

मांस खाल्ल्यावर दुधासाठी मोठी माणसं थांबतात: कुणी सहा तास, कुणी तीन, डच ज्यूंकडे एक तास. अगदी लहान मुलांना इतकं थांबवत नाहीत. तोंड पुसून, धुऊन मग दूध देतात. किती वयापासून किती थांबवायचं हे प्रत्येक घर आपल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून ठरवतं. आईचं दूध दुधाच्या पदार्थांत धरत नाहीत, पार्वे मानतात. पावडरच्या दुधाची बाटली मात्र दुधाचीच, म्हणून ती मांसाच्या भांड्यांबरोबर धुतली जात नाही.

आणि तरीही मुलानं तुमच्या लेकीच्या ताटातलं उचलून तोंडात घातलंच तर? घाबरून त्याच्या तोंडात बोट घालू नका, तेवढ्यानंही तो गुदमरू शकतो. इतक्या लहान मुलावर दोष येत नाही. मोठ्यांनी आपल्या हातानं निषिद्ध अन्न भरवायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा पुढचा घास तुम्ही देऊ नका आणि त्याच्या आईला काय खाल्लं, किती खाल्लं ते सरळ सांगा. ॲलर्जीच्या दृष्टीनंही ते सांगणं गरजेचंच आहे.

प्रसादाचं थोडं नाजूक आहे, पण लपवाछपवीपेक्षा बोललेलं बरं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न ज्यू कुटुंब घेत नाही, त्याची मनाई अगदी स्पष्ट आहे. मुलाच्या हातावर कौतुकानं ठेवला तर त्याची आई पेचात पडते: परत द्यावा तर तुमचा अपमान, खाऊ द्यावा तर स्वतःचा नियम मोडला. आधीच एक केळं बाजूला काढून ठेवलं की विषय संपला. गटात मुस्लिम मैत्रीण असेल तर तिचं आणि ज्यू मैत्रिणीचं जेलाटिनबाबत लगेच जुळतं, दोघींकडे डुक्कर आणि रक्त वर्ज्य आहे. पण पुढचं सरसकट जुळत नाही. कोशर मांस बरेच मुस्लिम चालवून घेतात, हलाल मांस मात्र कोशर ठरत नाही. हलालमध्ये मांस आणि दूध एकत्र चालतं, आणि कोशरमध्ये वाइनला बंदी नाही. पार्टीत दोघींसाठी एकच "स्पेशल" ताट करायला जाऊ नका.

आता शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस. लहान मुलाच्या घरात आठवड्याचं सगळं वेळापत्रक याच्याभोवती फिरतं. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी मेणबत्त्या लावतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी. तिथून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास, मिश्ना या जुन्या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात मोजून दिलेली ३९ प्रकारची कामं बंद: विस्तव पेटवणं-विझवणं, शिजवणं, लिहिणं, शिवणं, फाडणं, सार्वजनिक जागेत ओझं नेणं वगैरे. त्यातूनच विजेची बटणं, फोन, गाडी हे सगळं बाजूला पडतं.

म्हणून शुक्रवारी दुपारी तिला फोन करून "येऊ का पाच मिनिटं?" असं विचारू नका. त्या दोन-तीन तासांत मुलाची अंघोळ, नखं कापणं, गरम पाण्याचं भांडं भरणं, जेवण हॉट प्लेटवर चढवणं, रात्रीचा मंद दिवा आणि बाळाचा मॉनिटर चालू करून ठेवणं, फ्रिजमधला दिवा लागणार नाही अशी सोय करणं, टॉयलेट पेपर आधीच फाडून ठेवणं, आणि बॅटरीची सगळी खेळणी उंच कपाटात टाकणं, एवढं उरकायचं असतं. बॅटरीचं एखादं खेळणं विसरलं तर ते शनिवारी पहाटे गाऊ लागतं आणि कुणाला बंद करता येत नाही.

उन्हाळ्यात उत्तरेकडच्या देशांत सूर्य इतका उशिरा मावळतो की शुक्रवारचं जेवण सुरू होईपर्यंत मूल झोपेनं रडकुंडीला आलेलं असतं. त्यावर दोन उपाय आहेत. शब्बाथ लवकर "आत घेता" येतो, सूर्यास्ताच्या सुमारे सव्वा तास आधीपासून. दिवसाच्या लांबीप्रमाणे ती वेळ सरकते. नाहीतर मुलाला साडेपाचला पोटभर जेवू घालतात आणि झोपायच्या आधी नुसता आशीर्वाद देतात. आई-वडील मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलग्याला एफ्राइम आणि मनश्शे या धर्मग्रंथातल्या भावांसारखा हो म्हणतात. मुलीला सारा, रिबेका, राहेल आणि लेआ या पूर्वज मातांसारखी. धर्म म्हणून दोन वर्षांच्या मुलाला जे कळतं ते हेच, आणि मला हे फार सुंदर वाटतं. हा विधी वयाच्या पहिल्या आठवड्यापासून करता येतो, त्याला मुलानं शांत बसण्याचीही गरज लागत नाही.

शब्बाथला ठोकळे, बाहुल्या, लाकडी आगगाडी, चित्रांची पुस्तकं चालतात. प्लॅस्टिकचे एकात एक बसणारे ठोकळे बहुतेक घरांत चालतात, काहींत नाही. खडू, रंग, चिकटवणं, कापणं, मळायचा गोळा बंद. डायपरची चिकटपट्टी चालते. ओल्या वाइप्स पिळल्या जातात म्हणून त्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आणि बऱ्याच आया हलक्या हातानं पुसतात. बाबागाडी ढकलणं हे ओझं नेण्यात मोडतं, त्यामुळे वस्तीभोवती एरूव नावाची तारा-खांबांची आखलेली हद्द नसेल तर चालता न येणाऱ्या बाळाची आई शनिवारी घरातच अडकते. शनिवारच्या वाढदिवसाला ती का येत नाही, याचं कारण यातच आहे: गाडी नाही, भेटवस्तू हातात नेता येत नाही, फोटो नाही. रविवार ठेवा, सगळं सुटतं.

शब्बाथला तुम्ही तिच्या घरी असाल तर अंधार दिसला म्हणून मदतीच्या भावनेनं दिवा लावू नका. "लाव" असंही ती तुम्हाला सहसा सांगू शकत नाही, बिगर-ज्यूला काम सांगण्यावरही नियम आहेत. आजारपण किंवा लहान मुलाची खरी गरज असेल तर त्यात सवलती आहेत. आणि जिवाला धोका असेल तर सगळे नियम बाजूला पडतात: फोन करायचा, गाडी काढायची, आग विझवायची, विचारत बसायचं नाही. ताप आलेल्या दोन वर्षांच्या मुलाला शब्बाथला औषध देतातच.

आगीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यात खरोखर जीव जातात. मार्च २०१५ मध्ये ब्रुकलिनमध्ये शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या हॉट प्लेटपासून लागलेल्या आगीत एकाच घरातली ७ मुलं गेली. मेणबत्त्या धातूच्या रुंद ताटलीत, भिंतीलगत, पडद्यापासून लांब आणि मुलाच्या हाताला न पोचणाऱ्या उंचीवर हव्यात. जेवणाच्या टेबलावर ठेवल्या तर लोंबणारा टेबलक्लॉथ नको. मूल उभं राहायला तोच धरतं आणि सगळं अंगावर ओढून घेतं. लावल्यावर त्या हलवता येत नाहीत, म्हणून जागा आधीच नीट ठरवायची. हॉट प्लेटची आणि गरम पाण्याच्या भांड्याची वायर लोंबू द्यायची नाही. धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा आणि शुक्रवारी दुपारी त्याचं बटण दाबून बघायचं, कारण पुढचा दिवसभर ते तपासता येत नाही.

सणांत आईनं सांभाळायच्या गोष्टी वेगळ्या. ज्यू पंचांग चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांची सांगड घालतं. आपल्या अधिक महिन्यासारखा १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढतो, फक्त तो नेहमी अदार या महिन्याचाच. म्हणून दर वर्षी तारीख तिलाच विचारा.

रोश हशाना हे नवं वर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. सफरचंद मधात बुडवून खातात. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात आणि केकमध्ये भाजूनही ते मरत नाहीत. मधाचा केकही नको. बाळाला कुस्करलेला खजूर द्यावा, तोही त्या सणाच्या ताटात शुभ मानलेलाच आहे. कच्च्या सफरचंदाचा तुकडा दीड-दोन वर्षांच्या मुलाला घातक, किसून किंवा वाफवून द्या. सणात फुंकतात त्या शोफारचा, म्हणजे एडक्याच्या शिंगाचा, आवाज बंद खोलीत कानठळ्या बसवतो. मुलाला दाराजवळ घेऊन उभं राहावं.

योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, मोठे २५ तास पाणीही घेत नाहीत. लहान मुलांना उपास नसतो, नऊ वर्षांखालच्यांना करूही देत नाहीत. खरा कस लागतो तो पोटात काही नसताना मुलामागे धावणाऱ्या आईचा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टर आणि रब्बी दोघांना आधी विचारायलाच हवं. मैत्रीण म्हणून काही करायचं असेल तर दुपारी दोन ते चार तिच्या घरी जाऊन मूल सांभाळा. त्याचं खाणं तिनं आदल्या दिवशीच करून ठेवलेलं असतं. त्या दोन तासांत तिला पडता येतं.

हनुका नववर्ष नाही आणि "ज्यूंचा नाताळ" तर नाहीच. इ.स.पू. १६४ मध्ये जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध करून उघडलं, त्याचा हा ८ रात्रींचा सण. रोज एक वाढवत, आणि बाकीच्या पेटवायची रोजची एक धरून, एकूण ४४ मेणबत्त्या लागतात आणि रोजच्या किमान अर्धा तास जळायला हव्यात, तेवढा वेळ एका मोठ्या माणसानं खोलीतून हलायचं नाही. लहान मुलाच्या घरात बरेच जण खऱ्या मेणबत्त्या उंचावर लावतात आणि मुलाच्या हातात लाकडी किंवा कापडी हनुकिया, म्हणजे हनुकाचं मेणबत्त्यांचं स्टँड, देतात. विजेवरच्या खेळण्यांत बटण-सेल असेल तर झाकण स्क्रूनं बंद होणारंच हवं. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. द्रायडेल, म्हणजे चार बाजूंचा भोवरा, सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून आत जात असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. चॉकलेटच्या नाण्यांचा चकचकीत कागद आधी सोलून फेकायचा.

पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेचा सण, याचं काम सर्वांत जास्त. इस्राएलमध्ये ७ आणि बाहेर ८ दिवस गहू, जव, राय, ओट, स्पेल्ट यांचं फुगलेलं काहीही घरात नको, कणसुद्धा. आणि लहान मूल म्हणजे कणांचा चालता-बोलता कारखाना. गाडीतल्या सीटच्या गादीखाली, उंच खुर्चीच्या पट्ट्यांत, बाबागाडीच्या जाळीत, खेळण्यातल्या भातुकलीत, कोटाच्या खिशांत बिस्किटांचा चुरा निघतो. मळायचा रंगीत गोळा बऱ्याचदा गव्हाच्या पिठाचा असतो, तोही बाहेर. कामाचा क्रम हा ठेवावा: आधी खेळणी धुऊन दोन पेट्या, एक वापरायची आणि एक सण होईपर्यंत बंद, मग बाबागाडी आणि सीट, मग मुलाला खाण्यासाठी एकच कोपरा, आणि स्वयंपाकघर सर्वांत शेवटी. उलट केलंत तर धुतलेल्या ओट्यावर पुन्हा बिस्कीट येतं. त्या आठवड्यात तुमच्या मुलाला तिच्याकडे पाठवताना खिसे झटका आणि खाऊ म्हणून अख्खी फळं द्या.

मात्झा, म्हणजे पेसाखची न फुगलेली भाकरी, पाण्याचा थेंब पिठाला लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून होते, म्हणून ती कोरडी आणि कडक. तिचे अणकुचीदार तुकडे लहान मुलाला टोचतात. सूपमध्ये किंवा दुधात भिजवून द्या. काही हसिदी (ऑर्थोडॉक्समधल्याच एका भक्तिपंथाच्या) घरांत मात्झा भिजवत नाहीत, तिथे बटाटा आणि अंडं हाच आधार. बद्धकोष्ठता होतेच, तेव्हा पाणी आणि सुके आलुबुखार. अश्केनाझी (मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या) घरांत भात-डाळीही वर्ज्य असतात, सेफार्डी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे) बहुतेक भात खातात. अश्केनाझी बाळाला तांदळाची पेज लागतच असेल तर ती देतात, वाटी-चमचा वेगळा ठेवून. सेदर, म्हणजे पेसाखच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण, अंधार पडल्यावर सुरू होतो, म्हणून त्या दुपारची झोप मोडू द्यायची नाही.

तिच्या घरातल्या दोन गोष्टी तुमच्या मुलाला आधी सांगून ठेवा. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा नावाची छोटी डबी असते. तिला हात लावून चुंबन घेतात. ती देवाची मूर्ती नाही, तिच्या आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली तोरा या मूळ धर्मग्रंथातली वचनं असतात. ती ओढायची नाही. दुसरं, प्रार्थनेचं पुस्तक फाटलं तर तो तुकडा कचऱ्यात टाकू नका, तिच्या हातात द्या. देवाचं नाव असलेले कागद वेगळे साठवून पुरतात.

बोलता बोलता मोठे प्रश्नही निघतात. सुंता आठव्या दिवशी का? तोराची आज्ञा आहे, आणि जन्माचा दिवस धरून मोजतात. बाळाला कावीळ किंवा काही आजार असेल तर तो बरा होईपर्यंत पुढे ढकलतात. मूल पापी जन्मतं का? नाही, रोज सकाळच्या प्रार्थनेतच "तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे" असं म्हणतात. ज्यू धर्म प्रसार करत नाही, तुमच्या मुलाला ज्यू करण्यात तिला काही रस नसतो. तिच्या मुलाला कौतुकानं तुमच्या देवापुढे हात जोडायला शिकवू नका, इतकी अपेक्षा ती करते आणि ती रास्त आहे. वडील ज्यू आणि आई दुसऱ्या धर्माची असेल तर "मग हा अर्धा ज्यू का?" असं विचारू नका. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्वेटिव्ह आईवरून ठरवतात. अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी १९८३ मध्ये वडिलांकडूनही मान्यता दिली, मूल ज्यू म्हणून वाढत असेल तर. त्या घरात या प्रश्नावर आधीच पुष्कळ रडून झालेलं असू शकतं.

आणि मैत्रीण पुन्हा गरोदर असेल तर बाळंतपणाआधी भेटवस्तू घेऊन जाऊ नका. बऱ्याच ज्यू घरांत बाळाचं सामान जन्माआधी घरी आणत नाहीत, अभिनंदनाऐवजी "ब'शाआ तोवा", चांगल्या वेळी होवो, असं म्हणतात. मुलगा झाला तर आठ दिवस नाव विचारू नका, ते सुंतेच्या वेळीच जाहीर होतं. अश्केनाझी कुटुंब असेल तर "आजोबांचंच नाव ठेव ना" असं सुचवण्याआधी आजोबा हयात आहेत का बघा. अश्केनाझींमध्ये नाव गेलेल्या माणसाचं ठेवतात. सेफार्डींमध्ये मात्र हयात आजोबांचं नाव ठेवणं हाच त्यांचा मान.